फुकटची खाट कितीला पडते?

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळी तुम्ही हा हॉल झाडलात, पातेली घासलीत, संडास धुतलेत. आपल्याकडे त्याला श्रमदान म्हणतात. मला ज्या विषयावर बोलायला सांगितलं आहे त्यातही झाडू आहे, चादरी आहेत, भांडी आहेत. पण दान नाही. परदेशातल्या एखाद्या हॉस्टेलमध्ये रोज चार-पाच तास काम करायचं आणि त्याच्या बदल्यात राहायला खाट मिळवायची, असा तो प्रकार आहे. इंग्रजीत त्याला व्हॉलंटिअरिंग म्हणतात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाइलवर रील पाहिल्या असतील, ‘फुकट राहा, जग बघा’ अशा. शिबिराच्या आधी माझ्याकडे जे प्रश्न आले त्यांतले निम्मे याच धर्तीचे होते: आपा, खरंच फुकट असतं का?

आधी हॉस्टेल या शब्दाचं बघू. आपल्याकडे हॉस्टेल म्हणजे कॉलेजचं वसतिगृह. हे ते नाही. हे प्रवाशांचं हॉस्टेल. एका खोलीत सहा, आठ, दहा खाटा, एकावर एक, रेल्वेच्या बर्थसारख्या. संडास-बाथरूम सामाईक, स्वयंपाकघर सामाईक. भाडं खोलीचं नाही, खाटेचं. हॉटेल परवडत नाही त्याच्यासाठी ही सोय.

ही कल्पना एका शाळामास्तरची. जर्मनीतले रिचर्ड शिरमान 1909 साली मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळ आलं आणि सगळ्यांनी रात्र एका गावच्या शाळेत काढली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग फिरणाऱ्या मुलांना त्या का उघडून देऊ नयेत, असं त्यांच्या मनात आलं. 1912 मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा हॉस्टेल सुरू झालं. ब्रिटनमध्ये 1930 साली अशा हॉस्टेलांची संघटना निघाली, तेव्हा पाहुण्याने सकाळी निघण्यापूर्वी एखादं काम करून जायचं असा शिरस्ता होता. कुणी भांडी घासायची, कुणी जिना झाडायचा. सगळे करत, म्हणून भाडं कमी राहत असे. मुंबईतला साबू सिद्दीक मुसाफिरखाना आपल्यातल्या अनेकांच्या आजोबांना माहीत असेल. परक्या गावात गरीब प्रवाशाला पाठ टेकायला जागा, ही कल्पना आपल्यालाही नवी नाही.

पुढे 1971 मध्ये लंडनच्या सू कॉपर्ड या सेक्रेटरीने शहरातल्या लोकांना शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतांवर नेण्याची सोय काढली. शेतावर काम करा, तिथेच जेवा, तिथेच झोपा. त्यातून ‘वूफ’ नावाची जगभरची साखळी उभी राहिली. मग इंटरनेट आलं, वर्कअवे आणि वर्ल्डपॅकर्ससारख्या वेबसाइट आल्या, आणि हॉस्टेलवाल्यांच्या लक्षात आलं की आपल्यालाही अशी माणसं मिळू शकतात. फरक असा की ब्रिटनमधल्या त्या संघटनेत सगळे पाहुणे थोडं थोडं काम करत. आता पैसे देणारा पाहुणा झोपून राहतो आणि पैसे नसलेला त्याची चादर बदलतो. दोघांचं वय तेच, पुष्कळदा कॉलेजचं वर्षही तेच. मला यात वाईट वाटत नाही. पण हे काम आहे, हे आधी मान्य करू. काम म्हटलं की हिशेब मांडता येतो.

तर हिशेब मांडू. वर्कअवेने घालून दिलेली मर्यादा साधारण दिवसाला पाच तास, आठवड्याला पाच दिवस अशी आहे. म्हणजे आठवड्याचे 25 तास, महिन्याचे 107. नेपाळमध्ये पोखऱ्याला आठ खाटांच्या खोलीतली एक खाट समजा 800 नेपाळी रुपयांना मिळते. आपला एक रुपया म्हणजे त्यांचा 1.60, तेव्हा हे आपले 500 झाले. महिन्याचे 15,000. त्याला 107 ने भागा. तासाला 140 रुपये पडले. आता युरोपात जा. खाट समजा 25 युरोला आहे. महिन्याचे 750, तासाला सात युरो. जर्मनीत 2025 साली कायद्याने ठरवलेलं किमान वेतन तासाला 12.82 युरो होतं. म्हणजे हॉस्टेलच्या मालकाला कामगार निम्म्या दरात पडला, आणि रीलमध्ये मात्र मालक दानशूर दिसतो!

हा भागाकार प्रत्येक वेळी करा. मालकाने आठ तास सांगितले तर करा, सकाळचा नाश्ता देतो म्हणाला तर तो धरून करा. विमानाचं तिकीट, व्हिसाची फी, विमा यांतलं काहीही ती खाट देत नाही, हेही लक्षात ठेवा. शेंगेन व्हिसाची फी जून 2024 पासून 90 युरो आहे, ती अर्ज नाकारला तरी परत मिळत नाही. शिवाय 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. ज्याला मुंबईचं रेल्वेभाडं जुळवावं लागतं त्याला ‘फुकट जग बघा’ म्हणणं ही थट्टा आहे.

आता कायदा. इथे मला जरा वेळ द्या, कारण रीलमध्ये हे कुणी सांगत नाही. टुरिस्ट व्हिसावर जाऊन हॉस्टेलमध्ये काम केलं तर चालतं का? बहुतेक पोरं म्हणतात, पगार कुठे घेतोय? पण पगार म्हणजे फक्त नोटा नव्हेत. न्यूझीलंडच्या नियमांत मोबदल्यासाठी केलेली गोष्ट म्हणजे काम, आणि राहण्या-जेवणाची सोय हाही मोबदलाच धरला जातो. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर स्वयंसेवा करता येते, पण 30 दिवसांपर्यंत आणि नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठीच. खासगी हॉस्टेल हा धंदा आहे, धर्मादाय नव्हे.

मग काही जण सल्ला देतात की व्हिसाच्या अर्जात हे लिहूच नका, ‘फिरायला चाललोय’ एवढंच सांगा. हा सल्ला देणाऱ्याच्या खिशात पुष्कळदा दुसऱ्या रंगाचा पासपोर्ट असतो. त्याला विमानतळावर अडवलं तर तो पुढच्या देशात जातो. आपल्या पासपोर्टवर नकाराची नोंद बसली की पुढच्या प्रत्येक अर्जात ती लिहावी लागते. ब्रिटनच्या अर्जात खोटं बोलल्याचं सिद्ध झालं तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते. आपल्यातल्या अनेकांना वाटतं की नाव वाचूनच समोरचा माणूस जास्त बारकाईने बघतो. मी त्यावर वाद घालणार नाही. उलट असं वाटत असेल तर आपले कागद दुप्पट स्वच्छ हवेत, एवढंच म्हणेन. वीस-बाविसाव्या वर्षी एका खाटेसाठी पुढची दहा वर्षं गहाण टाकू नका. पुढे याच पासपोर्टवर तुम्हाला शिकायला जायचं असेल, नोकरीला जायचं असेल, अम्मी-अब्बांना उमऱ्याला न्यायचं असेल.

मग आपण कुठे जायचं? माझं उत्तर आहे नेपाळ. ऐकून काही चेहरे उतरले. परदेश म्हणजे पॅरिस पाहिजे होतं ना? पण नेपाळ हाही परदेशच आहे, आणि भारतीय माणसाला तिथे जी सवलत आहे ती अमेरिकन पासपोर्टवाल्याला नाही. 1950 च्या भारत-नेपाळ मैत्री करारातल्या सातव्या कलमाने दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता घेणं, व्यापारउदीम करणं आणि ये-जा करणं यांत आपल्या नागरिकांसारखीच वागणूक द्यायचं ठरवलं. आपल्याला व्हिसाच लागत नाही, त्यामुळे टुरिस्ट व्हिसाची अट मोडण्याचा प्रश्न येत नाही. तिथल्या हॉस्टेलात जर्मन मुलगी चोरून चादरी बदलत असते आणि आपण उजळ माथ्याने बदलतो. आयुष्यात एकदा तरी आपला पासपोर्ट वरचढ ठरलेला बघायला मिळतो!

जायचं कसं? मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कुशीनगर एक्स्प्रेस गोरखपूरला जाते. नाशिक, जळगाव, भुसावळवाल्यांना ती घरच्या स्टेशनवरच मिळते. गोरखपूरहून सुनौलीची सीमा शंभरेक किलोमीटर आहे, आणि सीमेपलीकडे पोखरा-काठमांडूच्या बस उभ्या असतात. सोबत पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा. आधार कार्डावर भिस्त ठेवू नका. विमानाने जाणार असाल तर 15 ते 65 वयाच्या माणसाला आधार चालतच नाही. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल. तेव्हा डोंगर चढणारे येतात, हॉस्टेलं भरतात आणि मालकांना माणसं लागतात. अन्नपूर्णा परिसरात ट्रेकसाठी जे प्रवेश शुल्क आहे ते परदेशी लोकांना 3000 नेपाळी रुपये, पण आपण सार्क देशांचे, आपल्याला 1000.

आपली माणसं भेटतील का, असंही एकीने विचारलं होतं. भेटतात. नेपाळच्या 2021 च्या जनगणनेत मुसलमान सुमारे पाच टक्के आहेत, बहुतेक तराईत, आपल्या उत्तर प्रदेश-बिहारला लागून. पण डोंगरातही चुरौटे नावाचा मुस्लिम समाज आहे. ‘चुरा’ म्हणजे बांगड्या. पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या विकणारे ते चुरौटे. आपल्याकडच्या मणियारांची आठवण आली ना? मलाही आली. काठमांडूत घंटाघराजवळ जामे मशीद आहे आणि तिच्या शेजारी काश्मिरी मशीद. हलाल मटणाचा पत्ता तिथे विचारला की मिळतो. मोमो खाताना मात्र आत काय आहे ते विचारा. ‘बफ’ म्हणजे म्हशीचं, आणि डुकराचेही असतात.

मी पोखऱ्याला पाच आठवडे होते. हॉस्टेलचं नाव सांगत नाही, का ते लगेच कळेल. जाण्याआधी मालकाशी फोनवर बोलताना मी एक प्रश्न विचारला होता: मी आले तर कुणाचं काम जाणार नाही ना? तो हसला, म्हणाला, अजिबात नाही. गेल्यावर दिसलं ते असं. खोल्या झाडायला जवळच्या खेड्यातून एक दीदी यायच्या. हॉस्टेलमध्ये आम्ही बाहेरून आलेले तिघं झाल्यावर मालक त्यांना म्हणाला, आता आठवड्यातून तीनच दिवस या. मी त्याच दिवशी त्याला सांगितलं की खोल्या मी करणार नाही. मला रिसेप्शन द्या, रात्रीची पाळी द्या, भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचे फोन द्या. आमचं बरंच बोलणं झालं. तो वाईट माणूस नव्हता, त्याला हंगामात चार पैसे वाचवायचे होते. दीदींचे दिवस तीनाचे पाच झाले, सहा नाही झाले.

त्या दीदींनी एकदा मला विचारलं की ही गोरी मुलं-मुली इथे एका खोलीत आठ जण का झोपतात? यांच्याकडे पैसे नाहीत का? म्हटलं, आहेत, पण त्यांना असं राहायला आवडतं. त्यांना हसू आवरेना. त्यांचा नवरा कतारला होता. म्हणाल्या, माझा माणूसही आठ जणांच्या खोलीत झोपतो, खाटेवर खाट, तोही फुकट, कंपनी देते. त्याला विचारा आवडतं का.

हे मी घरी येऊन अब्बांना सांगितलं. अब्बा सतरा वर्षं कुवेतला होते. मी निघाले तेव्हा ते एवढंच बोलले होते, “फोकट में कौन रखता तेरे कू?” तेव्हा मला तो अडाणीपणा वाटायचा. दीदींचं बोलणं ऐकवल्यावर अब्बा म्हणाले, आम्हीही फुकटच राहायचो, खोली कंपनीची आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात. कोकणातल्या मुलांना हे सांगायला नको. आपल्या घरांत परदेश म्हणजे बोट, आखात, मनीऑर्डर. आजोबा गेले, चाचा गेले, आणि जे गेले ते पाठवायला गेले. त्या घरातली मुलगी उठून म्हणते, मी परदेशी जाते, पैसे मिळणार नाहीत, पण खाट मिळेल आणि डोंगर दिसेल, तेव्हा अम्मीला चक्कर येणारच. त्यांना जुन्या विचारांचे म्हणून मोडीत काढू नका. फुकटच्या खोलीचा अनुभव त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आहे. त्यांच्यापुढे कागद ठेवा: किती तास, कोणतं काम, सुट्टी कधी, झोपायचं कुठे, मालकाचा नंबर काय.

आणि हा कागद मालकाकडूनही घ्या. स्टॅम्प पेपर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून आलं तरी पुरे. त्यात बारचं विचारा. पुष्कळ हॉस्टेलांचा खरा धंदा संध्याकाळी बारवर चालतो आणि नव्या माणसाला तिथेच उभं करतात. ज्यांना ते काम करायचं नाही त्यांनी पहिल्याच निरोपात सांगावं. मी सांगितलं होतं, आणि एकाही मालकाने त्यावरून नकार दिला नाही. युरोपात नाश्त्याला डुकराचं मांस तळायला लागू शकतं, तेही आधी बोला. रमजानमध्ये जात असाल तर सकाळच्या नाश्त्याची पाळी मागून घ्या, सहरीसाठी उठलेलेच असता. झोपायची सोय पाहुण्यांच्या खोलीत की कामगारांच्या वेगळ्या खोलीत, ते फोटोसकट मागा. मुलींनो, फक्त महिलांची खोली आहे का, तिला आतून कडी आहे का, हे विचारताना लाजू नका. आधी तिथे काम करून गेलेल्या मुलींनी काय लिहिलंय ते वाचा, आणि जमल्यास एकीला गाठून बोला. पासपोर्ट कुणाच्याही हातात ठेवायला देऊ नका. बघून परत द्या म्हणायचं. परतीचं भाडं आणि तीन रात्रींच्या खोलीचे पैसे वेगळे काढून ठेवा. त्याला हात लावायचा नाही. ज्याच्याकडे ते असतात तो मालकाला ‘नाही’ म्हणू शकतो.

याच्या उलट एक प्रकार आहे, त्याबद्दल थोडं कडक बोलते. राहणं फुकट, जेवण फुकट, विमानाचं तिकीटही आम्हीच काढतो, फक्त थायलंडला या, कॉम्प्युटरचं काम आहे, असे निरोप मोबाइलवर येतात. खऱ्या हॉस्टेलवाल्याला तुमचं तिकीट काढणं परवडत नाही. वरचा भागाकार करून बघा, त्याची महिन्याची बचतच पंधरा हजार. जो तिकीट काढतो त्याला तुमच्याकडून दुसरंच काही हवं असतं. अशा मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर बसवलं गेलं, पासपोर्ट काढून घेतले गेले. आपलं परराष्ट्र मंत्रालय 2022 पासून हे इशारे देत आलं आहे. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून जास्त भारतीयांना तिथून परत आणलं.

ज्यांना लांबच जायचं आहे, आणि काम करून, पगार घेऊन जायचं आहे, त्यांच्यासाठी दोन सरळ दारं अलीकडे उघडली आहेत. ऑस्ट्रेलियाने 2024 पासून 18 ते 30 वयाच्या भारतीयांना वर्क अँड हॉलिडे व्हिसा सुरू केला, वर्षाला 1000. ब्रिटनची इंडिया यंग प्रोफेशनल्स योजना आहे, वर्षाला 3000, वय तेच, पदवी लागते आणि बँकेत 2530 पौंड दाखवावे लागतात. दोन्हीकडे सोडत निघते. नंबर लागेलच असं नाही, पण लागला तर हॉस्टेलात पगारावर काम करता येतं आणि हक्काने करता येतं. म्हाडाच्या घराला अर्ज करणारी माणसं आपण, सोडतीची सवय आहे.

माझा वेळ संपत आला. ज्यांच्याकडे पासपोर्ट नाही आणि मतदार यादीतही नाव नाही त्यांनी हात वर करा. बरेच आहात. मतदार नोंदणीचे कोरे अर्ज मागच्या टेबलावर ठेवले आहेत, जेवणाआधी भरून घेऊ. ज्यांना हॉस्टेलवाल्याला पाठवायचा पहिला निरोप लिहायचा असेल त्यांनी जेवणानंतर माझ्याजवळ बसा. घरून परवानगीची अडचण असेल त्यांनीही. अब्बांचा नंबर मी देईन, त्यांनी स्वतःच सांगितलंय, कुणाच्या बापाला बोलायचं असेल तर मला फोन लावायला सांग.